कापलेला समास

रणजित देसायांच्या ‘स्वामी’ची, माधवराव पेशव्यांवरच्या कादंबरीची, ती प्रत दोनदा बाइंडिंग होऊन आलेली आहे. लाल रेक्झिनची पाठ, तिच्यावर पांढऱ्या रंगात दाखल क्रमांक, आतल्या कोऱ्या पानावर वाचनालयाचा जांभळा गोल शिक्का. बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचं वाचनालय हे. खाली पुस्तकं, वर पत्र्याच्या खोलीत स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका. वर बसणारी एक मुलगी दुपारी पत्रा तापला की खाली यायची आणि तासभर कादंबरी वाचायची. राक्षसभुवनाची लढाई जिथं येते त्या पानाच्या बाहेरच्या समासात कुणीतरी पेन्सिलनं, बारीक उतरत्या अक्षरात लिहिलेलं तिला सापडलं: ‘आपण कुठल्या का’. त्यापुढं कागदच संपलेला. तिनं पुस्तक तसंच उघडं धरून काउंटरवर आणलं. “काका, ह्याच्या पुढं काय असंल?” काकांनी चष्मा कपाळावर चढवला, पान उजेडाकडं तिरकं केलं, आणि म्हणाले, “पुस्तकात लिहू नये अशी पाटी लावलीय तिथं. आन् पुढचं काय ते बाइंडरच्या कातरणात गेलं, पोरी.”

ते खरंच तसं जातं. छापखान्यातून आलेलं पुस्तक जुजांनी शिवलेलं असतं. आठ किंवा सोळा पानांची एकेक घडी मधोमध दोऱ्यानं शिवायची, मग सगळ्या घड्या एकमेकींना ओवायच्या. असं पुस्तक टेबलावर सपाट उघडतं. दहा-बारा वर्षं हातोहात फिरलं की पाठीकडचा दोरा तुटतो, घड्यांच्या मोडी फाटतात, पानं सुटी होतात. तालुक्याच्या बाइंडरकडं शंभर पुस्तकांचा गठ्ठा जातो, दर पुस्तकामागं ठरलेला असतो, प्रत्येक घडी जपानी कागदानं सांधत बसायला त्याला परवडत नाही. मग तो पाठ घासून काढतो, टोच्यानं आरपार भोकं पाडतो आणि सगळी पानं एकदम आडवी शिवून टाकतो. आतला समास शिलाईत जातो. मग खळ, पुठ्ठा, रेक्झिन, आणि तिन्ही कडा एकसारख्या दिसाव्यात म्हणून कटिंग. एका कटिंगला तीन-चार मिलिमीटर धरले तरी दोन खेपांत बोटाच्या अर्ध्या पेराएवढा समास जातो. छापलेला मजकूर वाचतो, कारण तो मधे असतो. कडेला लिहिणाऱ्याचं मात्र पहिल्यांदा शेपूट तुटतं, मग धड. बाइंडिंगच्या वेळी जुनी तारीखचिठ्ठीही निघून जाते, त्यामुळं पुस्तक कुणाकुणाकडं गेलं होतं तेही कळायला मार्ग उरत नाही.

‘का’पासून सुरू होणारे शब्द काय कमी आहेत? कुठल्या काळात, कुठल्या कारणानं, कुठल्या कामाचे.

मुलीनं मात्र पहिल्या दिवशीच ठरवून टाकलं की तो शब्द ‘काठावर’ असणार. तिचं गाव गेवराई तालुक्यात, गोदावरीपासून फार लांब नाही. राक्षसभुवन तिला ठाऊक होतं ते शनीचं ठिकाण म्हणून. शनी अमावास्येला तेलाच्या बाटल्या घेऊन जायचं गाव. इतिहासाच्या पुस्तकात ते एका ओळीत येतं: १० ऑगस्ट १७६३, माधवराव पेशव्यांनी निजामाचा पराभव केला. त्या ओळीला नदी नव्हती. कादंबरी वाचताना तिला पहिल्यांदा असं झालं की पुस्तकातली जागा डोळ्यांपुढं आणायला कल्पना लागलीच नाही, उलट माहीत असलेली जागा आड यायला लागली. लढाई वाचावी तर मधेच पार्किंगची पावती फाडणारा माणूस दिसायचा.

ही लढाई नदीनं घडवली, हे नकाशा घेतल्याशिवाय लक्षात येत नाही. निजाम अली औरंगाबादेकडं निघाला होता, म्हणजे त्याला दक्षिणेकडून उत्तरेला जायचं होतं आणि गोदावरी मधे आडवी. तो स्वतः बऱ्याच फौजेसह पलीकडं उतरला. त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर मागच्या फौजेसह अलीकडंच राहिला, नदी चढली, आणि पाठीवर मराठे आले. अशा मागं राहिलेल्या तुकडीला जुन्या कागदांत चंदावल म्हणतात, पुढच्या तुकडीला बिनी. चंदावलाचं काम मुळात सगळ्यांत अवघड: पुढचे सुखरूप उतरेपर्यंत थांबायचं आणि स्वतः सगळ्यांत शेवटी पाण्यात पाय घालायचा. विठ्ठल सुंदर त्या दिवशी मारला गेला. माधवरावांचे चुलते रघुनाथराव ऐन लढाईत कोंडीत सापडले आणि अठरा वर्षांच्या पुतण्यानं त्यांना सोडवलं. निजाम पलीकडच्या काठावरून बघत राहिला, कारण बघण्यापलीकडं करता येण्यासारखं काही नव्हतं. कादंबरीचा जीव अर्थात काका-पुतण्यात आहे. आणि कादंबरीकारानं तो तिथंच ठेवावा, त्यात चूक नाही. पण ह्या मुलीचा जीव पाण्यात अडकला.

तिला उजवा-डावा काठ शिकवावा लागला नाही. पैठणचा उजवा कालवा गेवराईवरून माजलगावकडं जातो आणि डावा जालना-परभणीकडं. कालवा कुठला ते आमच्याकडं पोरासोरांना माहीत असतं, कारण पाळीचं पाणी त्यावर ठरतं. नदी वाहते त्या दिशेला तोंड करून उभं राहिलं की उजव्या हाताला येतो तो उजवा काठ. म्हणजे राक्षसभुवन उजव्या काठावर, पलीकडं डावा, औरंगाबादच्या बाजूचा. चंदावल उजव्या काठावर मेली. पण नदी चढली म्हणजे काय झालं, हे मात्र तिला समजून घ्यावं लागलं. जायकवाडीचं धरण १९७६ साली पुरं झालं. त्याच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या तिच्या पिढीनं श्रावणात आपोआप चढलेली गोदावरी पाहिलेलीच नाही. बीडहून संभाजीनगरला जाताना शहागडच्या पुलावरून तिला दिसते ती वाळू, डबकी, वेड्या बाभळी आणि रात्री काढलेल्या खड्ड्यांत साचलेलं हिरवं पाणी. पूर म्हणजे पैठणच्या सत्तावीस दरवाजांपैकी किती उघडले त्याचा मेसेज. ‘इतके क्युसेक, नदीकाठच्या गावांनी सतर्क राहावे.’ तेव्हाचा पूर कुणाला विचारून येत नव्हता, आणि दिवाणालाही मेसेज आला नव्हता, असं ती काकांना म्हणाली तेव्हा काका पहिल्यांदा हसले.

मग तिनं वहीत तीन रकाने आखले. ऐतिहासिक कादंबरी वाचणाऱ्या प्रत्येकानं आखावेत असे आहेत, म्हणून जरा सविस्तर. पहिला रकाना शके. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण तो चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंतच. जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९ मिळवायचे. पानिपत पौष शुद्ध अष्टमीला झालं, शके १६८२. सवयीनं ७८ मिळवले तर १७६० येतं आणि परीक्षेतला गुण जातो. ७९ मिळवले की १७६१. दुसरा रकाना सुहूर सन, मराठ्यांच्या कागदपत्रांतला. हा मृगाला सुरू होतो म्हणून त्याला मृगसाल म्हणायचे. त्यात जूनपासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे, नंतर ६००. गोम अशी की हा आकड्यात लिहीत नाहीत, अरबी शब्दांत लिहितात, आणि एकं आधी, हजार शेवटी. राक्षसभुवनाचं साल ‘अर्बा सितैन मया व अलफ’: चार, साठ, शंभर, हजार. ११६४. मिळवा ५९९, आले १७६३. तिसरा रकाना चंद्राचा. पत्राच्या शेवटी ‘छ’ आणि पुढं आकडा व मुसलमानी महिना असतो. हा छ म्हणजे सहा नव्हे, चंद्र. तेवढ्यावरून भल्याभल्यांनी तारखा चुकवल्यात. आणखी एक खड्डा आहे: इंग्रजांनी कॅलेंडर बदललं १७५२ साली, त्याच्या आधीच्या घटनांना वेगवेगळ्या पुस्तकांत दहा-अकरा दिवसांच्या फरकानं तारखा सापडतात. थोरल्या बाजीरावाची मोहीम वाचताना हा घोळ होतो. माधवरावाच्या काळाला तो लागत नाही.

तीन रकाने भरल्यावर तिला कळलं की १० ऑगस्ट १७६३ म्हणजे श्रावण नुकताच लागलेला. तिथून पुढचं कुठल्याही पुस्तकात नव्हतं, ते तिला घरूनच येत होतं. श्रावणाच्या सुरुवातीला ह्या पट्ट्यात शेतात काय असतं? बाजरी कंबरेला आलेली, मूग-उडीद फुलात, तूर गुडघाभर. कपाशीचा आजच्यासारखा जोर तेव्हा नव्हता असं धरलं तरी शेत मोकळं नसतंच. काळ्या रानात पाऊस झाला की माणसाचा पाय घोट्यापर्यंत जातो, मग घोड्याचा आणि तोफेच्या गाड्याचा किती जाईल? एका घोड्याला दिवसाला आठ-दहा किलो कोरडा चारा लागतो, वर तीसेक लिटर पाणी. पाणी नदीत भरपूर होतं. चाऱ्याचं गणित तिनं वहीच्या मागच्या पानावर केलं. दहा हजार घोडे धरले तर दिवसाला ऐंशी हजार ते लाख किलो. श्रावणात कडब्याच्या गंजी संपत आलेल्या असतात, गावाची स्वतःची जनावरं बांधावरच्या गवतावर असतात. मग हा लाख किलो कुठून आला? छावणीतून रोज चारा-लाकडासाठी जी माणसं बाहेर पडत त्यांना ‘कही’ म्हणत. “कहीवर गेले, म्हणजे आपल्या रानात घोडे घालायलेत की ते!” असं ती एकदम मोठ्यानं बोलून गेली. वाचनालयात पेपर वाचत बसलेल्या दोघा म्हाताऱ्यांनी मान वर केली.

कादंबरीत ‘कूच केलं’ आणि ‘तळ पडला’ ह्या दोन वाक्यांमधे एखादी ओळही नसते. गावाच्या बाजूनं पाहिलं तर सगळा इतिहास त्या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत घडलाय.

शब्दांचंही असंच झालं. ऐतिहासिक कादंबऱ्यांतले शब्द शहरातल्या वाचकाला नक्षीसारखे वाटतात. अर्थ नाही कळला तरी वाचन अडत नाही, उलट जरा भारदस्त वाटतं. हिला ते नक्षीसारखे वाटेनात. शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येणारा, बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावर बसणारा. दोघांच्या पगारात आणि पतीत फरक. तिचे आई-वडील दरवर्षी ऊसतोडीला जातात. तिथं नवरा-बायकोच्या जोडीला कोयता म्हणतात. स्वतःची बैलगाडी घेऊन जाणारा कोयता वेगळा, कारखान्याची टायरगाडी घेणारा वेगळा, आणि नुसत्या डोक्यावर मोळ्या वाहणारं डोकी सेंटर सगळ्यांत खाली. मोहिमेआधी सरदाराला घोड्यांच्या तयारीसाठी आगाऊ रक्कम मिळायची तिला नालबंदी म्हणत. मुकादम देतो ती उचल. ह्याची माणसं त्यानं फोडली, त्यानं नालबंदी घेऊन मोहिमेला पाठ दाखवली, असल्या तक्रारी टोळ्यांमधे अजून होतात, फक्त सरदाराच्या जागी मुकादम आहे. आणि दसरा. पेशव्यांच्या फौजा दसऱ्याला सीमोल्लंघन करून बाहेर पडत, कारण तोवर पाऊस ओसरतो, नद्या उतरतात. बीडचा कोयताही साधारण त्याच सुमाराला गाव सोडतो. जवळजवळ त्याच रस्त्यांनी, पश्चिमेकडं. मधे अडीचशे वर्षं गेली. राक्षसभुवनाची लढाई ऐन पावसाळ्यात व्हावी हीच मुळात रीत सोडून झालेली गोष्ट होती; त्या वर्षी पुणं जाळलं गेलं होतं, आणि कुणी दसऱ्याची वाट पाहत बसलं नव्हतं.

पण ‘कुठल्या काठावर’ हा प्रश्न उजव्या-डाव्यानं सुटला नाही, कारण खरा प्रश्न तो नव्हताच. पुणेरी किंवा कोल्हापुरी वाचक अशी कादंबरी वाचतो तेव्हा तो आपसूक पेशव्यांच्या बाजूनं उभा असतो. त्याला जागा शोधावी लागत नाही. मराठवाड्यातल्या वाचकालाही सवयीनं तसंच उभं राहता येतं, आणि बहुतेकजण राहतात. फक्त एक जुना शब्द आड येतो. आपल्या मुलखाला आजूबाजूचे लोक ‘मोगलाई’ म्हणत, म्हणजे निजामाचं राज्य. आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडात तो सप्टेंबर १९४८ नंतरही बरीच वर्षं होता. म्हणजे राक्षसभुवनाच्या काठावरचा कुणबी १७६३ साली निजामाची रयत होता. नुसता निजामाचाही नव्हता. १७१९ सालच्या सनदांपासून दख्खनच्या सुभ्यांवर मराठ्यांची चौथाई आणि सरदेशमुखी बसलेली, महसुलाच्या शेकडा पंचवीस आणि दहा. एका गावात दोन अंमल, वसूल गोळा करणारे दोन कमाविसदार, दोघांचे शिपाई. मराठ्यांनी त्या उन्हाळ्यात निजामाचा मुलूख लुटला असं आपण अभिमानानं वाचतो. तो मुलूख म्हणजे आपणच.

बाजूही नीट पडत नाहीत. निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर हा साडेतीन शहाण्यांतला एक पुरा शहाणा. दुसरा सखारामबापू पेशव्यांकडं, तिसरा देवाजीपंत चोरघडे नागपूरकर भोसल्यांकडं, आणि अर्धे नाना फडणवीस. ज्याच्या मरणावर आपण विजय मोजतो तो मराठी बोलणारा ब्राह्मण होता. निजामाच्या चाकरीत राव रंभा निंबाळकरांचं घराणं होतं. जानोजी भोसले त्या साली आधी निजामाकडं होते, मग फुटले. खुद्द रघुनाथरावांनी आदल्याच वर्षी पुतण्याशी भांडताना निजामाची मदत घेतली होती. हे सगळं कादंबरीत नसतं असं नाही, पण तिथं ते फितुरी म्हणून येतं. त्या काळच्या माणसांना ते कितीदा नुसतं चाकरी बदलणं वाटत असेल, हा विचार करायचा तर शेजवलकरांचं निजाम-पेशवे संबंधांवरचं पुस्तक लागतं, किंवा आपल्याच निलंग्यात जन्मलेल्या सेतुमाधवराव पगडींनी फारसीतून मराठीत आणलेले कागद.

इथं एक सूचना, थोडी मास्तरकीची. कादंबरीतला संवाद उत्तरपत्रिकेत, भाषणात किंवा स्टेटसला ‘माधवराव म्हणाले’ असं करून घालू नये. तो कादंबरीकारानं लिहिलेला आहे. एखादं वाक्य खरं आहे की रचलेलं, हे ताडायची सोपी खूण अशी: अस्सल पत्रातली माणसं क्वचितच सुंदर बोलतात. ती पैशाबद्दल बोलतात. कर्ज किती झालं, दाणा महाग झाला, अमक्याची माणसं पगारावाचून उठून चालली. सरदेसायांनी पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड काढले, खरेशास्त्र्यांनी पटवर्धनांची पत्रं छापली; त्यांतली सलग वीस पानं जरी वाचली तरी कान तयार होतो. क्रम मात्र उलटा करू नये. आधी कादंबरी, एका दमात, काही न तपासता. दुसऱ्या खेपेला पेन्सिल, वहीत. कागदपत्रं त्यानंतर. आधीच कागद वाचून कादंबरीला बसणारा प्रत्येक पानावर चुका काढतो आणि रमाबाईंजवळ येतो तेव्हा त्याच्याजवळ द्यायला काही उरलेलं नसतं. प्रस्तावनेचंही तेच. देसायांच्याच ‘श्रीमान योगी’ला नांदेडच्या नरहर कुरुंदकरांची प्रदीर्घ प्रस्तावना आहे. शिवचरित्रावरच्या सगळ्यांत टोकदार मराठी लेखनातलं ते एक, तेही मोगलाईतल्या मास्तरानं लिहिलेलं, आणि वाचनालयातल्या बहुतेक प्रतींत तेवढीच पानं कोरी करकरीत असतात. ती कादंबरी संपल्यावर वाचावीत. आधी वाचली तर कुरुंदकरांचा आवाज डोक्यातून जाता जात नाही.

‘स्वामी’चा शेवट सगळ्यांना माहीत असतो आणि तरी तो चुकवत नाही. थेऊर, कार्तिक वद्य अष्टमी, शके १६९४. रकान्यात १८ नोव्हेंबर १७७२. सत्तावीस वर्षांचा माणूस, क्षयानं. मुलगी त्या पानांवर दोन दुपारी थांबली. नंतर काकांना म्हणाली की रडू आलं, पण राक्षसभुवन वाचताना आलं नव्हतं ते का, हे कळंना. अठरा वर्षांचं पोर लढाई जिंकतं तेव्हा हिच्या डोक्यात बाजरी होती. ते सत्तावीसाव्या वर्षी मरतं तेव्हा बाजरी कुठं गेली? काकांनी उत्तर दिलं नाही. ते तारखेचा शिक्का शाईच्या पॅडवर दाबत होते, आणि पॅड वाळलं होतं.

परत करायची तारीख दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यातली आली. तिनं समासात काही लिहिलं नाही. वहीतल्या तीन रकान्यांचं पान तेवढं फाडून, घडी घालून, त्या पानापाशी ठेवून दिलं. वर्षअखेरीला मोजणी झाली तेव्हा ‘स्वामी’ पुन्हा बाइंडिंगच्या गठ्ठ्यात गेलं, पाठीचं रेक्झिन सुटलं होतं. गठ्ठा बांधायच्या आधी काकांनी ते बाहेर काढलं, आतली घडी तशीच राहू दिली, आणि पुठ्ठ्यावर डिंकानं एक चिठ्ठी लावली: ‘शिलाई करावी. कटिंग करू नये.’